थेट नेटहॅक, की आधी काहीतरी सोपं?

दहीभात
शुक्र., रात्री ११:१८

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय.

गेले तीन आठवडे नेटहॅक खेळतोय, तोच तो भुयारात उतरत जायचा जुना संगणक-खेळ, ज्यात राक्षससुद्धा अक्षरांनी दाखवतात. खेळतोय म्हणजे मरतोय. सतरा वेळा मेलो आणि सगळ्यात खोल गेलो तो पाचव्या मजल्यापर्यंत. परवा जरा बरं चाललं होतं. पात्र म्हणून वाल्किरी ही लढवय्यी घेतली होती (सगळीकडे लिहिलंय की नवख्याने तीच घ्यावी), सोबत मांजराचं पिल्लू, तब्येत ठणठणीत. समोर एक निळं 'ई' दिसलं. जवळजवळ हलतच नव्हतं, अंगावर यायचं तर नावच नाही. म्हटलं फुकटची शिकार आहे, हाणा. हाणली. त्यानंतर माझं पात्र जे थिजलं ते थिजलंच. कुठूनसे दोन फुटकळ कोल्हे आले आणि त्यांनी मला सावकाश, चवीने संपवलं.

यात माझं चुकलं काय? गप्प बसलेल्याला मारणं ही चूक आहे हे माणसाला कळणार कसं?

हापिसातला एक मित्र म्हणतो, आधी सोपे रोगलाइक (म्हणजे 'रोग' या जुन्या खेळाच्या धर्तीवरचे, मेलं की पहिल्यापासून सुरू करायचे) खेळ, हात बसू दे, मग नेटहॅककडे ये. दुसरा म्हणतो, सोप्यात वेळ घालवू नकोस, तिथलं इथे काही कामाला येत नाही. तुम्ही काय केलंत?

(बायकोने विचारलं, रोगलाइक म्हणजे रोगासारखं का? सध्या तरी हो.)

मुक्कामी गाडी
शुक्र., रात्री ११:३१

ते निळं 'ई' म्हणजे तरंगता डोळा! या, बसा. इथल्या प्रत्येकाचा एक तरी बळी त्याच्या नावावर आहे.

त्याला जवळ जाऊन मारायचं नाही, एवढंच. बाकी जाणकार येतीलच. मी चहा घेऊन बसतो.

शेवटची लोकल
शनि., सकाळी ७:५२

माझं मत सरळ आहे. आधी सोपं, आणि सोपं म्हणजे शॅटर्ड पिक्सेल डन्जन. अँड्रॉइडवर फुकट, जाहिराती नाहीत. एका हाताने खेळता येतो, आणि डोंबिवलीहून सुटलेल्या गाडीत दुसरा हात कुठे असतो हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच याची किंमत कळेल. आपण चाल केल्याशिवाय समोरचं कोणी हलत नाही, त्यामुळे स्टेशन आलं की फोन सरळ खिशात.

मूळ पिक्सेल डन्जन २०१२ चा, वाताबू या नावाने वावरणाऱ्या ओलेग डोल्याचा. पुढे त्याने कोड खुला केला आणि २०१४ मध्ये इव्हान डेबेनहॅमने त्यावरून शॅटर्ड काढला. तो अजूनही त्यात भर घालतोय.

नवख्यासाठी का चांगला? नशिबाला लगाम आहे. ताकद वाढवणारी औषधं आणि हत्यार सुधारणाऱ्या मंत्रांच्या गुंडाळ्या दर पाच मजल्यांत ठरावीक संख्येने मिळतातच, त्यामुळे "मला काही मिळालंच नाही" ही सबब चालत नाही. दर पाचव्या मजल्यावर एक मोठा राक्षस. पहिल्याचं नाव ऐकून मराठी माणूस हसतो: गू. पण हसू नका, माझे पहिले नऊ डाव त्यानेच खाल्ले. तो आधी फुगतो, मग जोरदार मारतो. फुगला की दोन घरं मागे सरकायचं आणि त्याला पाण्यात उभं राहू द्यायचं नाही, पाण्यात त्याची जखम भरते. दहाव्या डावात हे डोक्यात शिरलं आणि तिथून सगळा खेळच वेगळा दिसायला लागला.

शिवाय दाराची युक्ती. शत्रू मागे लागला की दारातून पलीकडे जाऊन बाजूला उभं राहायचं. तो दारात आला की पहिला घाव आपला, आणि तो चुकत नाही. हे शिकलेलं कुठेही कामाला येतं.

जुनी विहीर
शनि., सकाळी १०:०५

असहमत.

आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवायचं तर बादलीत बसवत नाहीत, विहिरीत ढकलतात.

मी २००४ ला नेटहॅक सुरू केला. तेव्हा ३.४.३ होती, डिसेंबर २००३ ची. पुढची अधिकृत आवृत्ती, ३.६.०, आली डिसेंबर २०१५ ला. म्हणजे बारा वर्षं तोच खेळ, आणि बारा वर्षांत त्यातलं नवं काही संपलं नाही. मला जिंकायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही.

आता नेटहॅकची गोडी कशात आहे ते सांगतो. कॉकाट्रिस नावाचा प्राणी आहे, त्याला उघड्या हाताने शिवलात की दगड होता. ठीक. पण हातमोजे घातले तर? त्याचं मढं उचलून हत्यारासारखं वापरता येतं, ज्याला लागेल तो दगड. आता तुम्ही खुशीत निघालात, पाठीवर ओझं जास्त झालंय, आणि जिना उतरताना पाय घसरला. पडताना अंग त्या मढ्याला लागलं. तुम्ही दगड. हे कोणीतरी बसून योजलेलं आहे! मला हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या होत्या.

सोपे खेळ खेळून आलेला माणूस वाट बघत बसतो की खेळ आपल्याला सांगेल. नेटहॅक काही सांगत नाही. ती सवय आधीच लागलेली बरी.

मुक्कामी गाडी
शनि., सकाळी १०:११

विहीरकाका, ढकलताना पाठीला डबा बांधतात ना पण?

जुनी विहीर
शनि., सकाळी १०:१४

बांधतात. खेळाचं विकी वाचा की. डब्याला माझी ना नाही.

ढ_विद्यार्थी
शनि., दुपारी १२:४०

हेडीस चालेल का सुरुवातीला? किंवा बालाट्रो? तेही रोगलाइक म्हणूनच विकतात.

जुनी विहीर
शनि., दुपारी १२:४३

झालं. २००८ मध्ये बर्लिनला जमून लोकांनी रोगलाइकची व्याख्या केली तरी हा प्रश्न संपत नाही.

शेवटची लोकल
शनि., दुपारी १:१०

व्याख्येचं भांडण इथे नको, धागा वाहून जाईल. हेडीस उत्तम खेळ आहे, पण त्यात मेल्यावर घरी येऊन पात्र कायमचं तगडं करता येतं. म्हणजे दहाव्या वेळी तुम्ही पुढे गेलात ते तुम्ही सुधारलात म्हणून की पात्र सुधारलं म्हणून, हे कळत नाही. दहीभात यांच्या दुखण्यावर ते औषध नाही. बालाट्रो खुशाल खेळा, फक्त रात्री दहानंतर उघडू नका.

रानमांजर
शनि., दुपारी ३:२६

सोपं आणि अवघड हे मापच इथे चुकीचं लागतंय असं मला वाटतं. दहीभात, मेख तुमच्या प्रश्नातच आहे: "कळणार कसं?"

मरण दोन तऱ्हेचं असतं. एकात मेल्या मेल्या कळतं की चार चालींपूर्वी आपण कुठे माती खाल्ली. दुसऱ्यात मेल्यावर विकी उघडावं लागतं. विहीरकाकांना दुसऱ्या तऱ्हेचं मरण आवडतं, ते टाळ्या वाजवतात. सतरा वेळा मेलेला नवखा टाळ्या वाजवत नाही, खेळ सोडून देतो. त्याने पहिल्या तऱ्हेचं मरण देणारा खेळ घ्यावा. तो सोपा असलाच पाहिजे असं मुळीच नाही.

ब्रोग बघा. ब्रायन वॉकरने २००९ मध्ये आणला, आता कम्युनिटी एडिशन (चाहते मिळून चालवतात ती आवृत्ती) चालू आहे, फुकट. २६ मजले उतरून येंडोरचा ताईत वर आणायचा, हे थेट मूळ रोगमधलं. शॅटर्डवाल्यांचं पूर्वजघराणंही हेच, पिक्सेल डन्जनची प्रेरणा ब्रोगची. जिंकायला भयंकर कठीण. मी चार वर्षांत दोनदा जिंकले. पण कोणत्याही राक्षसावर माऊस नेला की खेळ सरळ सांगतो: याचा घाव तुला लागायची शक्यता इतके टक्के, वाईटात वाईट इतक्या घावांत तू मरशील, तुझ्या इतक्या घावांत तो मरेल. सगळा हिशोब समोर. तरीही तुम्ही लढायला गेलात तर तक्रार कोणाकडे करणार?

दुसरं म्हणजे, ब्रोगमध्ये मारल्याबद्दल अनुभव वगैरे काही मिळत नाही. जे बळ आहे ते सापडलेल्या वस्तूंतून. म्हणजे पळून जाण्यात तोटा शून्य. ही गोष्ट अंगात मुरायला मला पंचवीसेक डाव लागले. त्याआधी दिसलं की मार, दिसलं की मार. गुलाबी जेली नावाचा गोळा आहे, घाव घातला की त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा चावतो. मोकळ्या दालनात त्याच्याशी लढलात तर आठ बाजूंनी घेरले जाता. बोळात शिरलात तर एका वेळी एकच. हे मला कोणी सांगितलं नाही. दुसऱ्यांदा मेले तेव्हा पडद्याकडे बघूनच कळलं.

औषधांच्या बाटल्यांचंही तसंच. कोणत्या रंगात काय हे दर डावाला बदलतं. मग अनोळखी बाटली कुठे प्यायची? दारात, किंवा पाण्याजवळ. आतून विषारी वायू निघाला तर पळायला वाट हवी, आग निघाली तर पाणी हवं. आणि एकाच रंगाच्या दोन-तीन लवकर जमल्या तर बहुधा कामाचं औषध आहे असं धरायचं. घातक निघालेली जात पुढे फेकून मारायला ठेवायची. एवढ्या एका बाटलीत केवढा विचार आहे बघा, आणि त्याला विकी लागत नाही.

गवती चहा
शनि., रात्री ९:३०

सहसा नुसती वाचते, आज लिहितेच.

१९९४-९५ ची गोष्ट. पुण्यात इंजिनियरिंगला होते. लॅबमध्ये युनिक्सचे हिरव्या अक्षरांचे टर्मिनल, आणि त्यांत कुठूनतरी रोग आलेला. तेव्हा काही माहीत नव्हतं. नंतर वाचलं की सांता क्रूझच्या विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी १९८० च्या सुमारास तो केला, पुढे बर्कलीचा केन अर्नोल्ड त्यांना मिळाला. पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटवायची 'कर्सेस' नावाची सोय त्याचीच. मग बर्कलीच्या युनिक्सबरोबर खेळ विद्यापीठा-विद्यापीठांत पोहोचला.

आम्ही चौघी एका टर्मिनलभोवती. एकीचे हात कीबोर्डवर, तिघींचा आरडाओरडा. "जिन्याकडे जा!", "ती गुंडाळी वाच ना!", "मेलीस!" सोपं की अवघड हे ठरवायला दुसरा खेळच नव्हता. आम्हाला वाटायचं, खेळ असाच असतो, मरायचं आणि एच-जे-के-एल दाबत पुन्हा निघायचं. पुढच्या सत्रात सर व्हीआय हा मजकूर लिहायचा एडिटर शिकवायला आले, त्यातही हलायला हीच अक्षरं, तेव्हा आमची बोटं आधीच तयार होती. त्यांना वाटलं मुली हुशार आहेत.

एकटीने खेळले असते तर दुसऱ्या दिवशी सोडला असता. दहीभात, तुम्ही एकटेच खेळता का?

ढ_विद्यार्थी
शनि., रात्री १०:०२

ताई, _/\_

सोबत आजही मिळते. डन्जन क्रॉल स्टोन सूप ब्राउझरमध्ये चालतो आणि इतरांचे डाव थेट बघता येतात, बाजूला गप्पाही चालू. मी आधी महिनाभर नुसता बघत होतो. मूळ क्रॉल १९९७ चा, स्टोन सूप २००६ पासून. करणाऱ्यांचं धोरणच आहे की बाहेरचं वाचावं न लागता खेळता यावा, आणि कंटाळवाणं काही आढळलं की काढून टाकतात. २०२१ मध्ये तर भूक आणि खाणंपिणं सगळंच काढलं. 'ओ' दाबलं की पात्र आपोआप मजला धुंडाळतं, टॅब दाबलं की जवळच्यावर हल्ला.

मिनोटॉर बर्सर्कर (बैलाच्या डोक्याचं, चवताळून लढणारं पात्र) घ्या. डोकं कमी लागतं. म्हणूनच मी घेतला.

जुनी विहीर
शनि., रात्री १०:२०

टॅब टॅब टॅब करत सिग्मंड नावाच्या शत्रूपर्यंत पोहोचाल आणि तो कोयता घेऊन शिकवेल काय ते.

ढ_विद्यार्थी
शनि., रात्री १०:२१

शिकवलं. चार वेळा.

दहीभात
पुढचा गुरु., रात्री १२:०७

सगळ्यांचे आभार. गवती चहा, हो, एकटाच खेळत होतो. आता बायको बाजूला बसून "पळ ना, पळ!" म्हणते, त्यामुळे परिस्थिती सुधारली आहे.

ब्रोग उतरवून घेतला. पाच दिवसांत नऊ डाव. वहीत लिहून ठेवले आहेत:

पहिला, खोल पाण्यातून पोहत गेलो. अर्धं सामान वाहून गेलं आणि उरलेल्या मला ईल माशाने खाल्लं. दुसरा, माकडाने माझी बाटली पळवली, मी चिडून त्याच्या मागे धावलो आणि थेट गॉब्लिनांच्या टोळीत. (बायको: "एका बाटलीसाठी?") तिसरा, अनोळखी बाटली कोपऱ्यात बसून प्यायलो, विषारी वायू. रानमांजर यांनी सांगितलं होतं, तरीही. चौथा ते सातवा सांगण्यासारखे नाहीत. आठव्यात गॉब्लिनांना बोळात ओढून एकेक करून मारलं आणि त्यांनी साखळदंडात ठेवलेल्या ओगर नावाच्या धिप्पाड राक्षसाला सोडवलं. तो माझ्याबरोबर आठव्या मजल्यापर्यंत आला. तो मेला तेव्हा आम्ही दोघं दोन मिनिटं गप्प बसलो होतो. नववा त्याच्या दुःखात लगेच संपला.

एक कबूल करतो: नऊच्या नऊ वेळा माझीच चूक होती आणि दर वेळी ती मला दिसत होती. नेटहॅकच्या सतरांपैकी फार तर चार वेळा दिसली असेल.

जुनी विहीर
गुरु., सकाळी ८:१५

चांगलं आहे. पण आता सांगा, ब्रोगमध्ये शिकलेलं नेटहॅकमध्ये किती चालणार? इथे मारल्याने अनुभव मिळतो, नुसतं पळून भागत नाही. इथे दुकानात भाव विचारून वस्तू ओळखायची असते. लायकन नावाच्या बुरशीसारख्या जीवाचं मढं सडत नाही म्हणून शिदोरीला ठेवायचं असतं. राक्षसांना घाबरवायला जमिनीवर 'एल्बेरेथ' लिहायचं असतं. आणि सतरापैकी किती डावांत तू मरायच्या आधी प्रार्थना केलीस, ते सांग बरं.

दहीभात
गुरु., सकाळी ८:१९

प्रार्थना करता येते?

मुक्कामी गाडी
गुरु., सकाळी ८:२०

😂😂 चहा सांडला.

रानमांजर
गुरु., सकाळी ८:३४

विहीरकाका, माझं म्हणणं हेच होतं.

जुनी विहीर
गुरु., सकाळी ९:०२

बरं, मान्य. म्हणजे अर्धं मान्य.

ऐक रे दहीभात. जीव एक सप्तमांशाच्या खाली गेला, किंवा सहापेक्षा कमी राहिला, की देवाला हाक मारायची, तो सगळी जखम भरतो. डावाच्या पहिल्या ३०० चाली सोडायच्या आणि दोन प्रार्थनांमध्ये हजारेक चाली जाऊ द्यायच्या. उठसूट हाका मारल्यास तर देव चिडतो. हे मला २००४ मध्ये एकाने निरोपातून सांगितलं होतं. म्हणजे माझ्याही पाठीला डबा होताच, आता आठवलं.

मात्र माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. बोळात लढणं, जिना जवळ ठेवणं, बाटल्या मरेपर्यंत साठवून न ठेवणं, हे ब्रोगमधून येईल. नेटहॅकचा तऱ्हेवाईकपणा नेटहॅकमध्येच शिकावा लागतो. त्याला शॉर्टकट नाही.

रानमांजर
गुरु., सकाळी ९:१०

हेही मान्य. म्हणजे अर्धं.

ढ_विद्यार्थी
गुरु., सकाळी ११:४५

अवांतर: २०२१ च्या न्यूरिप्स या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परिषदेत संगणकांसाठी नेटहॅकची स्पर्धा होती. माणसांनी हाताने नियम लिहून दिलेला बॉट सगळ्यात पुढे राहिला, स्वतः शिकणारी न्यूरल जाळी मागे पडली. आणि खेळ पूर्ण कोणालाच करता आला नाही. त्यामुळे दहीभात, वाईट वाटून घेऊ नका.

शेवटची लोकल
गुरु., सकाळी ११:५८

त्या बॉटलाही कोणीतरी डबा बांधून दिला म्हणायचा.

दहीभात
त्यापुढचा रवि., रात्री ११:४९

आज नेटहॅककडे परत गेलो. वाल्किरीच. चौथ्या मजल्यावर दालनाच्या मधोमध तेच निळं 'ई'.

मी दारातच थांबलो. बायको म्हणाली, "हा तोच ना?" तोच. माझ्याकडे सुरुवातीचा एक खंजीर आणि वाटेत जमवलेले तीन होते. चार घरं लांब उभा राहिलो आणि एकेक फेकला. दोन हुकले, दोन लागले. हुकलेले मोठा वळसा घालून, त्याला न शिवता उचलून आणले आणि पुन्हा फेकले. तो शेवटपर्यंत गप्पच होता. मग विकी उघडलं (डबा!) आणि त्यात लिहिलं होतं तसं ताजं मढं लगेच खाल्लं. आता डोळ्यांवर पट्टी बांधली की मजल्यावरचे मन असलेले सगळे जीव मला दिसतात.

प्रार्थनाही केली, सहाव्या मजल्यावर, जीव पाचवर आला तेव्हा. सगळा भरला. आम्ही दोघं ओरडलो, शेजाऱ्यांनी भिंत वाजवली.

त्यानंतर तीसेक चालींत सोल्जर मुंग्यांनी संपवलं. मी एक पाऊल टाकेपर्यंत त्यांचे चावे पडून झालेले असायचे. पळालो तर मागून, थांबलो तर चहूकडून. यांचं काय करतात?

रानमांजर
रवि., रात्री ११:५५

त्या तुझ्यापेक्षा वेगवान आहेत, पळायचं नाही. बोळ!

जुनी विहीर
सोम., सकाळी ६:४०

बोळात पाठ सांभाळायची, आणि जमलं तर वरच्या जिन्यावरच उभं राहायचं. जिना चढलास की फक्त शेजारी चिकटलेल्या तुझ्यामागे येतात, बाकीच्या खालीच राहतात. मुंग्यांवर सविस्तर लिहितो, पण नवा धागा काढ. इथे फार लांबलं.